मागचं दार पाहिजेच

आमचे सर कुणाच्याही लग्नाला जात नसत. ऑफिसातल्या ड्राफ्ट्समनचं लग्न झालं, माझं झालं, खालच्या चहावाल्याच्या मुलीचं झालं. सरांनी प्रत्येकाला एकेक प्रेशर कुकर पाठवला आणि स्वतः त्या दिवशी न चुकता त्र्यंबकच्या बाजूला 'साइट बघायला' गेले. त्र्यंबकच्या बाजूला आमची एकही साइट नव्हती.

मी तेव्हा कॉलेजातून नुकतीच बाहेर पडले होते आणि नाशकात काचेच्या इमारती उभ्या करायच्या अशा जोरदार इराद्यानं सरांकडं नोकरीला लागले होते. ऑफिस कुठं, तर पिठाच्या गिरणीच्या माडीवर. खाली गिरणी सुरू झाली की वर आमची टेबलं थरथरायची आणि सरळ रेघ काढायला बसलेल्या माणसाची नागमोडी रेघ यायची. आमच्या ड्रॉइंगवर कायम पिठाचा एक थर. एका क्लायंटनं नकाशा उघडला, झटकला, आणि विचारलं, "गव्हाचं की ज्वारीचं?"

काचेच्या इमारती तर राहू द्या, नवी इमारत म्हणून सर हातात घेत नसत. जुनी काहीतरी आणा, म्हणायचे. तेलाच्या घाण्यात त्यांनी बँक बसवली, कोंबड्यांच्या शेडमध्ये टायपिंगचा क्लास बसवला. "पाडायला काय, हातोडा असला की झालं. जे उभं आहे त्याला कामाला लावा." आणि वर ते एक ठरलेलं वाक्य: "इमारतीला विचारा, ती सांगते." हे वाक्य मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. मैत्रिणींना ऐकवायचे. किती थोर माणसाच्या हाताखाली आपण काम करतोय, असं वाटून मलाच भरून यायचं.

सरांच्या बाकीच्या सवयी मात्र थोर वगैरे नव्हत्या. कुणाच्या घरी गेले, की ते चपला दारात काढत, पण तिथं ठेवत नसत. खिशातून कापडी पिशवी काढायची, चपला तिच्यात घालायच्या आणि पिशवी मांडीवर घेऊन बसायचं. घरच्या बाईनं पोह्यांची बशी पुढं केली की सरांची पंचाईत, कारण एक हात पिशवीवर. "साहेब, आमच्याकडं चपला चोरीला जात नाहीत हो," असं एकदा एक वकील रागावून म्हणाले. "चोरीचं नाही," सर म्हणाले, "जवळ असलेल्या बऱ्या." हॉटेलात गेलं की भटारखान्याला खेटून असलेलं टेबल पकडायचं. डोळ्यात फोडणीचा धूर गेला तरी चालेल, पण पुढं खिडकीशी बसायचं नाही.

आणि सगळ्यात मोठं खूळ म्हणजे मागचं दार. दुकान असो, दवाखाना असो, नाहीतर पानाची टपरी असो, सर नकाशात मागं एक दार ठेवणारच. एका दातांच्या डॉक्टरशी त्यांचं यावरून चांगलंच वाजलं.

"अहो, दातांच्या दवाखान्याला मागचं दार कशाला?"

"पेशंटला विचारा," सर म्हणाले.

दार झालंच. पुढं त्या डॉक्टरांनीच कबूल केलं की खुर्चीपर्यंत आलेले काही लोक तिथूनच घरी जातात.

दोन हजार सालाच्या आगेमागे नाशकात लॉन्सचं खूळ आलं. ज्याला त्याला लग्न हिरवळीवर पाहिजे, गाड्या लावायला माळरान पाहिजे, नवरा-नवरीला बसायला राजाराणीच्या खुर्च्या पाहिजेत. गावातली जुनी मंगल कार्यालयं बघता बघता ओस पडली. असंच एक कार्यालय रविवार कारंजाच्या पलीकडं एका गल्लीत होतं. खाली हॉल, वर मालकीणबाई राहायच्या. वडिलांच्या मागं कार्यालय त्यांनीच चालवलेलं. सगळं गाव त्यांना मावशी म्हणायचं. एके सकाळी मावशी गिरणीचा जिना चढून, धापा टाकत आमच्याकडं आल्या.

दारात उभ्या राहून त्यांनी सरांकडं बराच वेळ पाहिलं. मग पदरानं खुर्चीवरचं पीठ झटकलं, बसल्या.

"तुम्हीच का ते, जुन्याचं नवं करणारे?"

"हं. कुठली इमारत?"

मावशींनी कार्यालयाचं नाव सांगितलं. सरांच्या पेन्सिलीचं टोक खाडकन मोडलं.

"मला वेळ नाही," सर म्हणाले.

मी आणि ड्राफ्ट्समन एकमेकांकडं बघतच राहिलो. आठवडाभर आम्ही दोघं माश्या मारत होतो.

"वेळ नाही कसा?" मावशी म्हणाल्या. "ही पोरगी माझ्यासमोर जांभया देतेय. हे बघा, मी सरळ सांगते. माझा पुतण्या म्हणतो, आत्या, पाडून टाकू. बिल्डर मला इंदिरानगरला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट देणार. मला तिथं कोण ओळखतं? खिडकीत बसून काय बघू, दुसऱ्यांचे वाळत घातलेले कपडे? मी त्याला सांगितलंय, दिवाळीपर्यंत खाली दुकानं उभी राहिली तर मी इथंच मरणार. नाही राहिली तर तू म्हणशील तिथं सही करते. आता तुम्ही बघा."

सर कितीतरी वेळ पेन्सिलीला टोक करत राहिले. निम्मी पेन्सिल संपली, तेव्हा म्हणाले, "बघतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही कार्यालयात गेलो. सर उंबऱ्याशी अडखळले, पण एकदा आत शिरले आणि मग काय विचारता! अंधाऱ्या बोळात पायरी कुठं आहे ते त्यांना न बघता कळत होतं. वधूपक्षाची खोली कुठली, मुलाकडच्यांची कुठली, मोठा भटारखाना कुठल्या अंगाला, सगळं सर बोट करून सांगत होते आणि मी मागून अडखळत, ठेचकाळत टिपणं घेत होते. ड्राफ्ट्समनच्या कानात म्हटलं, "बघ! याला म्हणतात नजर!" मावशी मागून येत होत्या. त्यांना एकदम खोकल्याची उबळ आली.

खरी अडचण बोहल्याची होती. हॉलच्या टोकाला दगडी बोहलं, कमरेएवढं उंच, आणि जागा सगळ्यात मोक्याची. तिथं दुकान टाकायला एक बुटांचा व्यापारी एका पायावर तयार होता.

"बोहल्यावर चपला?" मावशी कडाडल्या. "माझ्या बापाच्या बोहल्यावर कुणी चपला घालून चढणार नाही. मग पाडा सगळं!"

मी म्हटलं, बोहलंच काढून टाकू, सोपं आहे. सरांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पुन्हा तोंड उघडलं नाही. थोड्या वेळानं ते म्हणाले, "जिथं गिऱ्हाईक आपणहून चपला काढतं, असं दुकान कुठलं?" आम्ही आपले बघतोय. "साड्यांचं! गादीवर बसायचं असतं ना. बोहल्यावर गाद्या घालू." मावशींचा चेहरा असा काही फुलला की तिथंच त्यांनी आम्हाला लाडू आणून दिले. मग पटापट बाकीचं जमत गेलं. वधूच्या खोलीत ब्यूटी पार्लर, मुलाकडच्या खोलीत सुटाबुटाचा शिंपी, पंगतीच्या हॉलमध्ये छोटी छोटी दुकानं, भटारखान्यात मिसळ. त्या इमारतीत जे पहिल्यापासून चालत होतं तेच चालणार होतं, फक्त लग्नाशिवाय.

नकाशा सर कागदावर शेवटी काढत. आधी जमिनीवर. कबड्डीच्या मैदानावर आखतात ती फक्की आणायची आणि सगळ्या भिंती, दारं, काउंटर खऱ्या मापाचे जमिनीवर आखायचे. मग ऑफिसातले आम्ही, मावशी, गल्लीतल्या चार बायका, असे सगळे गिऱ्हाईक व्हायचं आणि दुपारभर त्या पांढऱ्या रेघांत बाजार करायचा. सर मधोमध स्टुलावर उभे.

"ए, तू कुठून आलीस? तिथं भिंत आहे!"

"सर, रेघ पुसली गेली होती."

"भिंत पुसली जाते का? परत जा. दारातून ये!"

एका बाईनं शिंप्याच्या काउंटरवर पाय दिला म्हणून सरांनी तिला माफी मागायला लावली, आणि तिनं त्या रिकाम्या हवेची माफी मागितलीसुद्धा. तेवढ्यात पुतण्या आला, हातात मोबाइल, आणि तरातरा तीन दुकानं, एक पार्लर आणि मिसळीची कढई तुडवत आत्याकडं निघाला. "थांब!" सर असे ओरडले की त्याच्या हातातून मोबाइल पडला. "कढईत उभा आहेस!" पुतण्या गडबडून टुणकन बाहेर उडी मारून उभा राहिला. बायका पोट धरून हसल्या. तो मात्र ते विसरला नाही.

सगळं असं झकास चाललेलं असताना अग्निशमनवाले साहेब तपासणीला आले. दुकानांना लागणारा दाखला त्यांच्या हातात. त्यांनी हॉल पाहिला, फक्कीच्या रेघा ओलांडताना का कोण जाणे तेही दारातूनच गेले, आणि शेवटी विचारलं, "बाहेर पडायची दुसरी वाट कुठं आहे?"

दुसरी वाट नव्हती. पुढं एक भलंमोठं दार, बस्स. मागं भटारखान्याची हातभर जाडीची सलग दगडी भिंत, आणि तिच्या पलीकडं गल्ली.

"दुसरी वाट दाखवा, दाखला घेऊन जा. नाहीतर दुकानं विसरा."

आमच्या इंजिनिअरनं भिंत बघून कानाला हात लावला. "या भिंतीवर वरचं सगळं घर बसलंय. इथं नवं भगदाड पाडलं तर मावशी थेट मिसळीत."

आणि सर? ज्या माणसानं दातांच्या दवाखान्याला मागचं दार लावलं, तो माणूस त्या भिंतीसमोर नुसता उभा. हात लावला, काढला. घाम पुसला. "उद्या बघू," म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून गायब. ऑफिसात निरोप, त्र्यंबकच्या बाजूला साइट बघायला गेलोय.

मला इतका संताप आला! गावभर लोकांना मागची दारं वाटत फिरायचं आणि जिथं खरोखरीच एकाची गरज आहे तिथं शेपूट घालायची. दिवाळी महिन्यावर आलेली. पुतण्या रोज येऊन आत्याला फ्लॅटच्या फरश्यांचे नमुने दाखवायचा. मी रडकुंडीला येऊन मावशींकडं गेले. म्हटलं, "मावशी, सर पळाले हो."

मावशी शांतपणे शेंगा सोलत होत्या. "जाताना चपला घालून गेलेत का?"

"म्हणजे? हो, चपला काय, पिशवीसुद्धा नेलीय."

"मग पळालेले नाहीत. येतील."

मला वाटलं, काळजीनं मावशींचं डोकं फिरलं.

दाखल्याशिवाय दुकानं होणार नाहीत म्हणून पुतण्यानं दिवाळीची वाटही बघितली नाही; सहीचा दिवस उजाडला. पुतण्या कागद घेऊन, नवा शर्ट घालून आला. हॉलमध्ये सतरंजी टाकली होती. मावशींनी चष्मा लावला, पेन हातात घेतलं, आणि पुन्हा चष्मा काढून पुसला. मग पुन्हा लावला. तेवढ्यात पुढच्या दारातून सर आत आले. दाढी वाढलेली, मागं पेठ तालुक्यातला आमचा मिस्त्री, त्याच्या खांद्यावर पहार. कुणाकडंही न बघता सर भटारखान्यात गेले. आम्ही सगळे मागोमाग. सरांनी कोपऱ्यातलं लाकडी कपाट बाजूला करायला लावलं आणि भिंतीवर हात ठेवला.

"इथं फोड."

"सायेब, लय जुनी भिंत हाय," मिस्त्री म्हणाला. "वरचं घर अंगावर घ्यायचं का?"

"नाही यायचं. फोड तू."

पहिल्या घावाला गिलावा पडला. दुसऱ्या घावाला आत दगडी कमान दिसली, सुबक, जशीच्या तशी, आणि तिच्या पोटात नुसत्या विटा भरलेल्या. मिस्त्रीनं विटा ओढायला सुरुवात केली. थोड्या वेळात गल्लीतलं ऊन आत आलं आणि पलीकडून एक शेळी आमच्याकडं बघू लागली. वरचं घर जागच्या जागी होतं.

"तुम्हाला... तुम्हाला कसं कळलं?" पुतण्याच्या तोंडून कसेबसे शब्द फुटले.

सर खाली मान घालून उभे. मग मीच छाती पुढं काढून, मोठ्या अभिमानानं म्हणाले, "इमारतीला विचारलं की इमारत सांगते!"

यावर मावशी अशा हसत सुटल्या की त्यांना खाली बसावं लागलं. डोळ्यांतून पाणी. "इमारतीनं कसलं सांगितलंय, डोंबल! अगं, हा बाबा याच दारातून पळाला होता. स्वतःच्या लग्नातनं! डोक्याला मुंडावळ्या, अनवाणी. मी इथं नारळ खवत बसले होते, परकरी पोर. यानं तोंडावर असं बोट ठेवलं, मला गप्प केलं, आणि कडी काढून पसार. मी गप्प बसले. तेव्हापासून आजपर्यंत!"

कोणी काही बोलेना. शेळीसुद्धा.

"लोक आमच्या कार्यालयाला पळपुटं कार्यालय म्हणायला लागले," मावशी म्हणाल्या. "दोन मोसम कुणी फिरकलं नाही. बापानं रागारागानं दार बुजवून टाकलं. आणि याच्या चपला राहिल्या होत्या दारात, नव्या कोऱ्या कोल्हापुरी. त्या त्यांनी झिजेपर्यंत वापरल्या. म्हणायचे, तेवढी तरी भरपाई."

"तुम्ही ओळखलंत मला?" सरांचा आवाज इतका बारीक झाला होता की गिरणी चालू असती तर ऐकू आला नसता.

"जिना चढल्याबरोबर. केस जातात माणसाचे, कान कुठं बदलतात?"

"मग दार आहे हे सांगितलं का नाही?"

"बघत होते. म्हटलं, ह्याला माझं घर मोठं वाटतं की स्वतःची अब्रू." मावशींनी पुतण्याच्या हातातून कागद घेतला, घडी घातली आणि हलणाऱ्या कपाटाच्या पायाखाली सारली. "वाटलं माझं घर."

मग सरांनीच तुटक तुटक सांगितलं. भांडी बाजारात वडिलांचं दुकान. लग्न आणि दुकानाची गादी, दोन्ही एकाच मुहूर्तावर गळ्यात पडणार होती. मुंबईला आर्किटेक्चरला नंबर लागलेला, पण घरात बोलायची टाप नाही. लग्न लागायच्या आधी सगळं कार्यालय फिरून बघितलं, कारण इमारत बघायचा नाद तेव्हापासूनच. ते दार दिसलं, आणि मग दुसरं काही दिसेना. "मुलीबद्दल काही नव्हतं हो," सर म्हणाले. "तिचा चेहरासुद्धा मी धड पाहिला नव्हता." हे सांगताना ते हातातल्या पिशवीचे बंद नुसते गुंडाळत होते, सोडत होते. मी वहीचं पहिलं पान त्याच दिवशी फाडलं, पण सर मला आधीपेक्षा जास्त आवडायला लागले, हे खरं.

दाखला मिळाला. दिवाळीच्या आधी दुकानं उघडली. उद्घाटनाला मावशींनी सरांना मानानं बोहल्यावर चढवलं आणि गादीवर बसवलं. सर पिशवी मांडीवर घेऊन, परीक्षेला बसल्यासारखे. साडीवाला पहिल्या गिऱ्हाइकाची वाट बघत होता. एक बाई आल्या, सरांच्याच वयाच्या, चष्मा, अंबाडा, हातात छत्री. खाली चपला काढल्या, वर आल्या आणि बरोबर सरांच्या समोर बसल्या. मावशी पदर तोंडाला लावून उभ्या.

सरांनी बाईंकडं बघितलं. मग मावशींकडं बघितलं. मग पिशवी उचलली, बोहल्यावरून खाली उडी मारली आणि माणसांना बाजूला सारत मिसळीच्या दिशेनं पळाले. आम्हाला कडी खडखडल्याचा आवाज आला. पुन्हा खडखडली. मग सर परत आले, कान लालबुंद.

"मागच्या दाराला कुलूप आहे! कुलूप लावता येत नाही तिथं! आग लागली तर?"

"कुठं लागलीय?" मावशींनी विचारलं. किल्ली त्यांच्या कमरेला.

"बसा," त्या बाई म्हणाल्या. आवाज शाळेतल्या बाईंसारखा. पुढं कळलं, त्या मुख्याध्यापिकाच होत्या. नवरा ओझरला विमानांच्या कारखान्यात, दोन मुलं, सगळं उत्तम.

सर बसले नाहीत. बोहल्याच्या पायरीशी उभे राहिले. "माझं फार चुकलं," म्हणाले. "तुम्हाला भरल्या मांडवात..."

"चुकलंच. लोकांनी मला काय काय म्हटलं ते मी ऐकलंय, तुम्ही नाही." बाईंनी पुढ्यातली एक साडी उलगडली, काठ बघितला. "पण त्यानंतर बापानं कितीतरी दिवस लग्नाचं नाव काढलं नाही. तेवढ्यात मी शिकून घेतलं. मला तेच पाहिजे होतं. त्या सकाळी मी त्या आतल्या खोलीत बसून डोळे सुजेपर्यंत रडत होते. खिडकी बघून ठेवली होती, पण तिला गज."

"म्हणजे राग नाही ना?" सरांनी विचारलं.

"आहे तर! एकाच गोष्टीचा आहे. तुम्हाला दार सापडलं होतं, तर मलापण सांगायचं होतं. तुमच्या आधी मी पळाले असते."

सरांनी पिशवीतून चपला काढल्या, बाईंच्या चपलांच्या शेजारी नीट ठेवल्या, आणि बोहल्यावर येऊन बसले. बाईंनी दोन साड्या पुढं केल्या. "यातली कुठली?" सरांनी हिरवी सांगितली. बाईंनी निळी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर रंगारी घेऊन कार्यालयात हजर. कुलूप काढून घेतलं होतं. मागच्या दाराच्या वर त्यांना पाटी रंगवून घ्यायची होती: 'बाहेर पडण्याची वाट', आणि बाण. रंगाऱ्यानं अक्षरं आखली. सरांनी मला पार्लरच्या, म्हणजे वधूच्या खोलीच्या, दारात नेऊन उभं केलं.

"इथून वाचता येतंय?"

"येतंय की, सर. स्वच्छ."

"आणि रडून डोळे भरले असतील तर?"

मी नाही म्हणून मान हलवली. सर वळले आणि रंगाऱ्याला म्हणाले, "पूस ते. अजून मोठं काढ."